सोलो वाजवताना स्केल आणि कॉर्डचे स्वर: गोंधळ नेमका कुठे होतो

गिटार शिकणाऱ्याला बॅकिंग ट्रॅक (मागच्या साथीचं रेकॉर्डिंग) लावून दिला की पहिला प्रश्न ठरलेला: "कोणतं स्केल वाजवू?" उत्तरही ठरलेलं: "ए मायनर पेंटाटॉनिक, पाचव्या फ्रेटवर." मग तीन मिनिटं त्या डब्यातले, म्हणजे गिटारच्या मानेवर ते स्केल ज्या फ्रेटच्या चौकटीत बसतं तिच्यातले, स्वर खाली-वर पळत राहतात. एकही स्वर चुकलेला नसतो, तरी ऐकणाऱ्याला काही लागत नाही. मागे कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलते आहे याची त्या सोलोला खबरच नसते. मग वाजवणारा ठरवतो की आपल्याला स्केलं कमी येतात, आणि डोरियन, मिक्सोलिडियन, फ्रिजियन असे मोड्स (स्केलचेच प्रकार) पाठ करायला बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हे इतक्यांदा पाहिलंय की एकदा नीट लिहून टाकतो.

स्केल म्हणजे वाजवायला निवडलेला स्वरांचा संच, ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. ए मायनर पेंटाटॉनिक म्हणजे पाच स्वर: ए, सी, डी, ई, जी. कॉर्डचे स्वर म्हणजे त्या क्षणी मागे जी कॉर्ड वाजते आहे तिच्यातलेच तीन-चार स्वर. ते एकामागून एक वाजवले की त्याला अर्पेजिओ म्हणतात; स्वर तेच. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे मायनरचाच डबा तीन फ्रेट खाली. या दोन गोष्टींवर लोक उगाच तास घालवतात.

खरा फरक काळाचा आहे. स्केल अख्ख्या गाण्यासाठी एकदा ठरतं. कॉर्डचे स्वर त्या बारपुरते (ठराविक ठोक्यांच्या तुकड्यापुरते) असतात, बार संपला की त्यांची मुदत संपते.

पेटी किंवा गाणं शिकून गिटारकडे वळलेल्यांना हे जास्त जड जातं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तंबोऱ्यावर षड्ज अखंड चालू असतो. गंधाराचं त्या षड्जाशी जे नातं असतं ते राग संपेपर्यंत तेच राहतं, आणि कुठल्या स्वरावर न्यास करायचा, म्हणजे थांबायचं, हेही रागातच ठरलेलं असतं. त्यामुळे स्केल म्हणजे राग असं मनात घट्ट बसतं. पण स्केलमध्ये न्यासाचे स्वर लिहिलेले नसतात. ते मागची कॉर्ड ठरवते, आणि दर एक-दोन बारला बदलते. षड्ज मात्र जागचा हलत नाही. कॉर्ड बदलली की अख्खा डबा उचलून दुसरीकडे नेणारे नेमकं हेच विसरतात. ए वर ए मायनर पेंटाटॉनिक, डी वर डी मायनर पेंटाटॉनिक असं केलं की गाण्याला घर राहत नाही. शिवाय डी मायनर पेंटाटॉनिकमधला एफ हा डी सेव्हनमधल्या एफ शार्पशी भांडतो तो वेगळाच.

आता हातात गिटार घ्या. ए मधला बारा बारचा ब्लूज: पहिले चार बार ए सेव्हन, पाचवा-सहावा डी सेव्हन, सातवा-आठवा परत ए सेव्हन, नववा ई सेव्हन, दहावा डी सेव्हन, अकरावा ए सेव्हन, आणि बाराव्यात ई सेव्हन घेऊन पुन्हा सुरुवात.

ए सेव्हनचे स्वर ए, सी शार्प, ई, जी. डी सेव्हनचे डी, एफ शार्प, ए, सी. एकच स्वर पकडून बघा: सी शार्प. चौथ्या बारमध्ये त्याच्याइतका गोड स्वर नाही, कारण ए सेव्हनचा मेजरपणा त्याच्यात आहे. पाचवा बार सुरू झाल्यावर तोच स्वर लांबवा. खटकतो, कारण मागे डी सेव्हनमध्ये सी वाजतो आहे. उलट सी घ्या. ए सेव्हनवर तो सरळ, न वाकवता धरून ठेवला की कोरडा आणि अडखळलेला वाटतो. ब्लूजवाले तो किंचित वर बेंड करतात (तार ओढून स्वर चढवतात), किंवा सी वरून सी शार्पवर हॅमर करतात (पुन्हा न छेडता दुसरं बोट आपटतात), ते यासाठीच. पण डी सेव्हन आली की तोच सी पूर्ण निवांत बसतो. तुमचं बोट, फ्रेट, स्वर, काही बदललेलं नाही. खालची जमीन बदलली. "हा स्वर स्केलमध्ये आहे ना?" या प्रश्नाला म्हणूनच अर्धंच उत्तर मिळतं. आहे, पण आत्ता त्यावर थांबायचं की त्यावरून पुढे जायचं?

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट गिटारवर दोन तारांमध्ये मावते. कॉर्डचा स्वभाव तिच्या मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असतो. मूळ स्वर बेस वाजवतोच आहे, तो तुम्ही वाजवून फारसं काही सांगत नाही. ए सेव्हनचे हे दोन स्वर: तिसऱ्या तारेवर सहावा फ्रेट, सी शार्प, चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट, जी. आता दोन्ही बोटं एक फ्रेट खाली सरकवा: सी आणि एफ शार्प. ही डी सेव्हन झाली. परत ए सेव्हनवर या आणि एक फ्रेट वर जा: डी आणि जी शार्प. ही ई सेव्हन. बारा बारचा अख्खा ब्लूज एका फ्रेटच्या हालचालीत. ज्याने हे एकदा कानाने ऐकलं, त्याला पेंटाटॉनिकचे पाचही डबे पाठ असण्याची घाई राहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दुसरा डबा शिकण्याआधी या दोन तारा शिकाव्यात.

मोड्सबद्दलही थोडं. सी मेजरमध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन अशी चाल आली की "आधी डी डोरियन, मग जी मिक्सोलिडियन, मग सी आयोनियन" असं शिकवतात. हे सगळे तेच सात स्वर आहेत. तीन नावं घेऊन हाताला काहीच नवीन मिळत नाही. त्यापेक्षा एवढं सांगा की एफ हा डी मायनर सेव्हनचा तिसरा स्वर आहे, तिथे त्यावर खुशाल थांबा. आणि सी मेजर सेव्हन आली की तोच एफ तिच्या ई ला अर्ध्या स्वराने घासतो, म्हणून ई वर उतरा. स्केलच्या हिशेबात एफ दोन्हीकडे बरोबरच होता.

स्केलच पुरेसं असतं अशीही जागा आहे. माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बममधल्या 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार डी डोरियन, आठ बार अर्धा स्वर वर, मग आठ बार परत डी डोरियन. कॉर्ड जवळजवळ हलतच नाही, तिथे स्केलमध्ये पोहायला वेळ आणि पाणी दोन्ही आहे. एकाच कॉर्डवर चालणाऱ्या रॉक रिफवरही तसंच. पण बारा बारच्या ब्लूजमध्ये किंवा ज्या गाण्यात दर बारला कॉर्ड बदलते तिथे हा हिशेब लावू नका.

सराव असा करा. पहिल्या फेरीत प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर त्या कॉर्डचा फक्त तिसरा स्वर, बाकी शांतता. दुसऱ्या फेरीत त्या स्वराच्या अर्धी पायरी (एक फ्रेट) अलीकडून सुरुवात करून बरोबर ठोक्यावर पोचा. मधली जागा तुमच्या नेहमीच्या पेंटाटॉनिकने भरा. ती टाकून द्यायची नाही, तिला फक्त उतरायची जागा द्यायची. मग बॅकिंग ट्रॅक बंद करून एकट्याने वाजवा आणि रेकॉर्ड करा. दुसऱ्या कुणाला ऐकवून विचारा, डी सेव्हन कुठे आली? त्याला सांगता आलं तर जमलं.

ते बसलं की हेच चित्र वरच्या दोन तारांवर शोधा. पहिल्या तारेवर नववा आणि दुसऱ्या तारेवर आठवा फ्रेट म्हणजे ए सेव्हन. दोन्ही एक खाली म्हणजे डी सेव्हन, एक वर म्हणजे ई सेव्हन. त्यातला दुसऱ्या तारेवरचा आठवा आणि पहिल्या तारेवरचा आठवा, हे दोन फ्रेट तुमच्या पाचव्या फ्रेटच्या डब्यात आधीपासून आहेत.