गॉर्डिनपासून सुरू झालेली आर्चरची रडकथा

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीच्या गँगमध्ये कुणीही टॅक्टिकल आरपीजी (घराघरांच्या मॅपवर आळीपाळीनं आपली माणसं हलवून लढायचा गेम) नवीन सुरू केला की पहिल्या दोन-तीन मॅपमध्येच त्याचा आर्चर, म्हणजे तिरंदाज, मरतोय, मग 'आर्चर फालतू क्लास आहे बे' म्हणून त्याला कायमचा बेंचवर बसवतात. क्लास फालतू नाही, खरं तो असा का बनवलाय ते बघायला जरा मागं जावं लागतंय.

१९८८ ला इंटेलिजंट सिस्टम्स या जपानी कंपनीनं निन्टेंडोसाठी फॅमिकॉम वॉर्स हा युद्धाचा गेम काढला. त्यात लांबून मारणाऱ्या तोफा होत्या, कुणी चिकटून उभा राहिला की त्या गप्प. मग एप्रिल १९९० मध्ये त्याच लोकांचा पहिला फायर एम्ब्लेम आला, शोझो कागा या डिझायनरचा, आणि माझ्या मते आर्चरचा नियम त्या तोफांवरूनच उचललाय. गॉर्डिन नावाचा पोरगा सुरुवातीपासून आपल्या टीममध्ये असतोय, बाण फक्त दोन घरं लांब मारतोय, शेजारच्या घरात तलवारवाला आला की गॉर्डिन नुसता मार खातोय, उलटा वार नाही. आता खरी गोम इथं आहे, की या गेममध्ये निम्मं काम शत्रूच्या टर्नला होतंय, तो येऊन मारतोय आणि आपला माणूस काउंटर देतोय. भालाफेक आणि जादू एक घरावरनंही चालते, दोन घरांवरनंही. मग आर्चर कशाला पाहिजे? तर उडणाऱ्यांसाठी. पेगाससवर बसून कुणी आलं की त्याला बाण डबल-तिबल लागतोय.

पुढं बनवणाऱ्यांनाच दया आली बहुतेक. १९९२ च्या फायर एम्ब्लेम गायडेनमध्ये आर्चरची रेंज वाढली आणि चिकटलेल्यालाही मारता यायला लागलं. १९९५ ला क्वेस्ट कंपनीचा टॅक्टिक्स ओग्रे आला, यासुमी मात्सुनोचा, तिथं उंची आली, वर उभा केला की बाण लांब जातोय, मग लोक अर्धी टीम आर्चरनीच भरायला लागले. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या बुरुजावर एकदा उभं राहून खाली बघा, तो नियम समजवायला लागणार नाही. १९९७ च्या फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये मात्र चार्ज नावाचा लोचा, जितका जोरात बाण तितका वेळ ताणून धरायचा, तोवर समोरचा आपल्या टर्नला चालत निघून जातोय आणि बाण रिकाम्या घरात.

वेस्नॉथ वेगळाच, डेव्हिड व्हाइटनं २००३ ला सुरू केलेला फुकट गेम, कसल्याही जुन्या पीसीवर चालतोय म्हणून कॉलेजात आम्ही तोच खेळलो. तिथं आर्चरही शेजारीच उभा राहून मारतोय, फक्त समोरच्याकडं लांबचं हत्यार नसलं तर त्याला उत्तर देता येत नाही. म्हणजे आधी बघायचं कुणाला मारतोय ते, मग आपलं घर निवडायचं.

परवा मामाच्या पोराला हे सगळं सांगितलं. त्यानं दारात चिलखतवाला नाईट उभा केला, बरोबर त्याच्या मागं आर्चर, दोन टर्नमध्ये तीन घोडेस्वार खल्लास. चौथा भिंतीला वळसा घालून मागनं आला, तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंबी नाही. आर्चर गेला. 'दादा, रीसेट मारू काय?' म्हणाला, मार म्हटलं.