माघात ठरायचा उन्हाळ्याचा स्वयंपाक

एप्रिलच्या दुपारी घरातल्या पाच-सहा माणसांसाठी काय करायचं, हा प्रश्न आमच्या सातारा-सांगली भागात एप्रिलमध्ये पडायचाच नाही. त्याचं उत्तर माघ-फाल्गुनातच घरात येऊन बसलेलं असायचं. शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा (ज्वारी), खळ्यावरून कणगीत गेलेला, तूर-हरभरा जात्यावर भरडून डाळ झालेली, गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपा आलेल्या, थंडीत खुडलेला हरभऱ्याचा पाला वाळवून गाडग्यात दाबून ठेवलेला. शिमगा झाला की जिरायत रानात हिरवं म्हणून काही उरायचं नाही. मग पावसाळ्यातली पहिली भाजी निघेपर्यंत जे काय खायचं ते या साठ्यातून. आज उन्हाळ्याच्या जेवणाचा विषय निघाला की आपण ‘थंड’ आणि ‘उष्ण’ एवढंच बोलतो. पण सातारा-सांगलीचं उन्हाळी ताट घडवलं ते पाण्याच्या टंचाईनं. ते ताट गेल्या पन्नास-साठ वर्षांत का बदललं, याचंही मूळ पाण्यातच आहे.

सांगली आणि सातारा वेगळे मोजायचं कारण नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे तालुके आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली झालं. कागदावर जिल्हे दोन झाले, चुली तशाच राहिल्या. खरा फरक पडतो तो पश्चिम आणि पूर्व असा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून शंभर-दोनशे किलोमीटरच्या आतल्या माण, खटाव, आटपाडी, जतेत जेमतेम पाचशे, तोही लहरी. त्यामुळे पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणीची भाकरी, नाचणीची आंबील आणि उन्हाळ्यात करवंदं-जांभळं; पूर्वेला जोंधळा, डाळ आणि कांदा. मधे कृष्णाकाठ. तिथली वांगी आजही नावाजलेली आहेत. कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा तर इंग्रजी अमदानीतला, म्हणजे त्या पट्ट्याला भर उन्हाळ्यातही पाटाचं पाणी दिसायचं. तासाभराच्या अंतरावरच्या दोन घरांत मे महिन्यात एकीकडे भरलं वांगं आणि दुसरीकडे वाळक्या पाल्याची भाजी, असं चित्र होतं.

पूर्व भागातल्या ताटात भाकरी, पिठलं नाहीतर डाळकांदा, चटणी, फोडलेला कांदा आणि ताक एवढंच असायचं. त्यातही भाकरी उन्हाळ्यात शाळूचीच. बाजरी उष्ण म्हणून उन्हाळ्यात खाऊ नये असं सांगतात, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणखी एक कारण माहीत असतं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे ते लवकर कडवट होतं आणि उन्हाळ्यात तर फारच लवकर. शिवाय बाजरी खरिपाची, शाळू रब्बीचा. शिमग्याच्या सुमाराला कणगीत ताजा असायचा तो शाळू. शाळूची भाकरी सकाळची दुपारीही मऊ लागते, आणि ताकात कुस्करली तर शिळीही गोड लागते. पहाटे एकदाच चूल पेटवायची, तुरकाट्या आणि शेणी जपून वापरायच्या, ऊन चढायच्या आत भाकऱ्यांची चवड दुरडीत झाकायची आणि दिवसभर चुलीकडे फिरकायचं नाही. सरपण वाचायचं आणि धुरात, धगीत बसणाऱ्या बाईचा जीवही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती आंबील. आमची आजी रात्री जेवणं उरकल्यावर ओंजळभर जोंधळ्याचं पीठ आंबट ताकात कालवून मातीच्या गाडग्यात झाकून ठेवायची. सकाळी झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे आणि नाकाला किंचित आंबूस वास. मग पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ आणि एका हातानं ते पीठ सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. रंग पालटून चकाकी आली, पळीवरून जाडसर धार पडायला लागली की खाली उतरवायची. तिथून पुढं घाई नाही. पूर्ण गार होऊ द्यायची आणि प्यायच्या वेळी हवं तेवढं ताक ओतून सारखी करायची. रानात जाणाऱ्याला तांब्याभर आंबील आणि कांदा दिला की दुपारपर्यंत काळजी नसायची. पाणी, मीठ, आंबवल्यानं हलकं झालेलं धान्य आणि ताक, सगळं एका घोटात. यल्लमाच्या नैवेद्यात आंबील आणि घुगऱ्या असतात. रोजच्या पोटाला जे तारून नेतं तेच देवीपुढं ठेवायची रीत आहे ही.

आंबिलीच्या जवळची म्हणजे ताकातल्या कण्या. जोंधळा जाडसर भरडायचा, शिजवायचा, गार ताकात कालवायचा. तांदूळ नसलेल्या मुलखाचा दहीभातच म्हणा. आजारी माणसाला, दात पडलेल्या म्हाताऱ्याला, लहान पोराला एकाच पातेल्यातून देता यायच्या, हा घरच्या बाईच्या दृष्टीनं मोठा फायदा.

पण या दोन्हीला ताक लागतं, आणि ताकाचीच गोष्ट सगळ्यांत आधी बिघडली. पूर्वी दुधाचं दही लागायचं, दह्याचं लोणी निघायचं, लोण्याचं तूप बाजाराला जायचं आणि ताक गल्लीत वाटलं जायचं. ताक विकायचं नसतं, हा पाळलेला नियम होता. ज्याच्या घरी दुभतं नाही त्याचं पोरगं तांब्या घेऊन शेजारी जायचं. भिलवडीत चितळ्यांची डेअरी १९३९ सालची. पुढं सहकारी दूध संघ आले आणि गावोगावी सकाळ-संध्याकाळ दूध घालायची केंद्रं झाली. दुधाचे रोख पैसे मिळायला लागले, त्यावर पोरांची शिक्षणं झाली, त्याला कुणी वाईट म्हणणार नाही. मात्र दूध कॅनमधून गेलं की रवी खुंटीला लागते, आणि रवी थांबली की गल्लीतलं ताक बंद होतं. आंबील मागं पडली याचा दोष पोरींच्या आळसाला देणाऱ्यांनी ही साखळी बघावी.

मग १९७२ चा दुष्काळ. त्याच्या आधीचीही दोन वर्षं तंगीचीच होती. विहिरी तळाला गेल्या, शाळू पेरलाच गेला नाही आणि कणग्या रिकाम्या राहिल्या. म्हणजे माघात येणारं उत्तर आलंच नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल जोंधळा मिळायला लागला, मिलो. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही, हे त्या पिढीतला कुणीही सांगेल. खडी फोडायच्या, पाझर तलावांच्या आणि नालाबांधाच्या कामावर माणसं गेली आणि तिथं पोरांच्या हातात सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, पडली. आमची आजी खडीच्या कामावर होती. ती सांगायची, त्या उन्हाळ्यात आंबील केली ती बिनताकाची, नुसत्या पाण्यातली, चिंचेचं बोटूक टाकून.

इथं एक गोष्ट आपल्या जिल्ह्यानं अभिमानानं सांगायची आहे. रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची, कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुढं आणली. तिचा पहिला प्रयोग झाला तो १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात. दुष्काळात तीच राज्यभर कामी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. उन्हाळ्यात हाताला काम म्हणजे चुलीवर तवा, इतका सरळ संबंध होता.

दुष्काळानं आणि रेशननं धान्यही बदललं. १९६४ साली ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. ‘हायब्रीड’ भरपूर पिकायचं पण भाकरीला शाळूची सर नव्हती, त्यामुळे घरात पाहुणा आला की शाळू आणि एरवी हायब्रीड अशी विभागणी झाली. रेशनचा गहू नेमानं यायला लागल्यावर चपाती सणावारातून रोजच्या डब्यात आली. धरणं आणि पाट झाल्यावर ऊस वाढला, जोंधळ्याची रानं घटली. आता शाळू गव्हापेक्षा महाग आहे. गरिबाची म्हणून जिला नाकं मुरडली ती भाकरी आज हॉटेलात वेगळे पैसे मोजून खावी लागते. शाळेच्या डब्यात भाकरी न्यायला लाजणाऱ्या पिढीतली मीही एक, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पुढं ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी चढावर नेलं. तासगाव, कवठे महांकाळ, खानापूर, आटपाडी, जत इथं जसजसं पाणी पोचलं, तसतशी मे महिन्यात मेथीची पेंडी दिसायला लागली. वाळक्या पाल्याचं गाडगं कुणी आवर्जून भरेनासं झालं. सगळीकडे एकदम झालं नाही हे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळातही माण, आटपाडी, जतच्या माणसांनी जनावरं चारा छावणीत नेली, आणि घरातलं एक माणूस भाकरीचं गठुडं घेऊन तिथंच राहिलं. पाणी आलेल्या गावात उन्हाळ्याचं ताट बाजारावर चालतं, न आलेल्या गावात अजून साठ्यावर.

एक भाग मात्र टिकलाय, कारण तो उन्हाळ्यात खायचा नसून उन्हाळ्यात करायचा आहे. शाळू-डाळ माघात यायची ती उन्हाळ्यासाठी, आणि उन्हाळ्याचं ऊन वापरायचं ते पावसाळ्यासाठी. सांडगे, पापड, शेवया, कुरडया. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा. चौथ्या पहाटे मोठ्या पातेल्यात चीक शिजतो तेव्हा ढवळायला दोन बायका लागतात, एकीनं पातेलं धरायचं आणि एकीनं सगळी ताकद लावून उलथनं फिरवायचं. पोरं वाट्या घेऊन रांगेत बसलेली. गरम चीक, वर साखर आणि दूध. ऊन वर यायच्या आत सोऱ्यातून सगळ्या कुरडया धोतरावर पडायला हव्यात. अख्ख्या आळीच्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीनं जायच्या, त्याशिवाय हे काम एका घराच्यानं होतच नाही. साबुदाणा आणि बटाट्याच्या पापड्या यात मागाहून आल्या. दोन्हींची मूळ झाडं दक्षिण अमेरिकेतली. मिरचीही अमेरिका खंडातलीच, पोर्तुगिजांबरोबर आलेली.

आणि त्या मिरचीशिवाय इथलं पान हलत नाही. आमच्याकडे नुसतं ‘चटणी’ म्हटलं की कांदा-लसूण मसाला समजायचा. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला लवंगी. उन्हात कडक वाळवलेल्या मिरच्या, तळलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, गरम मसाला आणि सांगलीची हळद. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. चैत्र-वैशाखात कांडप यंत्राबाहेर डबे घेऊन बायकांची रांग लागते, ठसका गल्लीच्या टोकापर्यंत येतो. वर्षाची चटणी घरात असली की भाजी नसली तरी अडत नाही, भाकरीवर चटणी आणि तेलाची धार पुरते.

चटणी-कुरडयांचं हे एवढं थोरलं प्रमाण कशासाठी, तर घरातले निम्मे मुंबईत असायचे. माण-खटाव, पाटण-जावळीची माणसं गिरणीत, गोदीत, पुढं माथाडी म्हणून गेली. चैत्रातली गावची जत्रा आणि वैशाखातला आखितीचा (अक्षय्य तृतीयेचा) सण धरून ती कुटुंबं यायची. आखितीला पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच घरात रायवळ आंब्याचा रस व्हायचा, सोबत तळलेली कुरडई. परतताना एसटीच्या टपावर चढायचे ते चटणीचे डबे, कुरडयांची गाठोडी, शाळूचं पोतं आणि आढीतले थोडे कच्चे आंबे, पोचेपर्यंत पिकतील अशा बेतानं निवडलेले. आता टप गेला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकी जातात. चटणीच्या डब्याचं झाकण आजही फडक्यानं बांधलेलं असतं आणि फडक्यावर पेनानं लेकीचं नाव.