कुंपणावरची कांडवेल आणि डिशमधलं हाड

आमच्या रानाच्या कुंपणावर कांडवेल चढली आहे. अक्कलकोटकडचं हे कोरडं रान, पण पाऊस नाही झाला तरी ती हिरवीच. चौकोनी, कांड्याकांड्यांचं खोड. कांडं मोडून चुरगाळलं तर बोटांना खाज सुटते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पंढरपूरच्या द्राक्षांच्या कुळातलीच ही वेल. कुणाचा हात-पाय दुखावला की आजी ती वाटून लेप लावायची. संस्कृतात तिला अस्थिशृंखला म्हणतात आणि आपल्याकडे काही ठिकाणी हाडजोडी.

शेजारच्या मामांची हयात यंत्रमागापुढे उभं राहण्यात गेली. गुडघे झिजलेत. परवा ते मोबाइलवर आलेला मजकूर घेऊन आले. "वाच की जरा. कांडवेलीनं स्टेम सेल वाढतात म्हणं. कॅप्सूल मागवू का?"

त्या मजकुराला थोडा आधार होता, म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटली.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. जिचं काम अजून ठरलेलं नाही आणि जी स्वतःसारख्या नव्या पेशीही तयार करते, ती. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. त्यांच्या जोडीला असतात मीझेंकायमल पेशी, ज्यांच्यापासून हाड, कूर्चा (सांध्यात हाडावर असणारी गादी) किंवा चरबी बनू शकते. मगजातल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे अशी एखादीच सापडते. म्हणून ती आधी शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या चपट्या बशीत म्हणजे डिशमध्ये वाढवावी लागते: ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि रोजची निगराणी. तिला हाडाच्या वाटेला लावायचं तर डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट देणारं एक रसायन घालतात. साधारण तीन आठवड्यांनी डिशमध्ये कॅल्शियम साठू लागतं. ते दिसावं म्हणून बऱ्याच प्रयोगशाळांत ॲलिझरिनचा रंग घालतात, आणि जिथं कॅल्शियम साठलं तिथं लाल ठिपके उठतात. हे ॲलिझरिन पूर्वी मंजिष्ठेच्याच जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळातून काढत आणि त्यात कापड रंगवत. चादरींच्या गावात राहणाऱ्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता कांडवेल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या अर्कामुळे मगजातल्या मीझेंकायमल पेशी जास्त वाढल्या आणि हाड घडवणाऱ्या पेशींकडे जास्त वळल्या. निष्कर्ष महत्त्वाचा आहेच, आजीच्या लेपाकडे नव्यानं पाहायला लावणारा. पण तो अर्क पेट्रोलियम ईथरमधला होता. हा खनिज तेलातून मिळणारा, झटकन उडून जाणारा द्रव. त्यात वनस्पतीतले तेलकट घटक उतरतात. पाण्यात उकळलेल्या काढ्यात वेगळेच. म्हणजे वेल एकच असली तरी काढा, लेप, कॅप्सूल आणि हा अर्क ही चार निरनिराळी द्रव्यं झाली.

द्रावक बदलला की किती फरक पडतो, हे चीनच्या संशोधक तू यूयू यांनी दाखवलं. मलेरियावर एका वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी नाही. उकळण्यानं औषधच मरत असावं अशी शंका त्यांना आली. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर (वरचं पेट्रोलियम ईथर नव्हे) वापरलं आणि आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाचा मार्ग सापडला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

दुसरी अडचण पोटात गेल्यावरची. डिशमध्ये अर्क थेट पेशीवर पडतो. तोंडावाटे घेतलेल्या घटकाला आतडं आणि यकृत ओलांडून मगजापर्यंत पोचावं लागतं. हळदीतल्या कर्क्युमिनचे डिशमधले गुण कितीतरी, पण रक्तात ते फारच थोडं उतरतं. म्हणून मला खरी आशा वाटते ती वेगळ्या वाटेची: वनस्पतीतला एकच शुद्ध रेणू काढायचा आणि बाहेर पेशी वाढवताना वापरायचा, नाहीतर हाडातली पोकळी भरणाऱ्या साच्याला लावायचा. तिथं मात्रा मोजता येते. रानातल्या वेलीत ती ऋतूप्रमाणे आणि मातीप्रमाणे बदलते.

उपचारांचं म्हणाल तर मूलपेशींचा सर्वांत पक्का वापर रक्ताच्या आजारांत आहे. ल्युकेमिया, थॅलसेमिया यांवरचं बोन मॅरो प्रत्यारोपण म्हणजे तेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यापलीकडचे वापर मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलपुरते, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या चाचण्यांपुरते, ठेवले. ट्रायलमध्ये ज्याची चाचणी चालू आहे, त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

मामांना मी कागदावर गुडघा काढून दाखवला. "मामा, तुमचं हाड नाही झिजलं, हाडावरची गादी झिजलीय. कूर्चा. आणि ही वेल डिशमध्ये पेशींना हाडाकडे नेते."

"मग गुडघ्यात हाड वाढलं तर?"

"एक्स-रेत डॉक्टरांनी कडेला टोकं दाखवली होती ना? ते वाढलेलं हाडच आहे."

मामांनी गुडघ्यावरून हात फिरवला, मोबाइल खिशात टाकला आणि विचारलं, "बरं, मग त्या मांडीच्या व्यायामाचा कागद कुठं ठेवलाय तुझ्या काकूनं?"