युरोपीय संघाचे भूमध्यसागरी धोरण

भूमध्य समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवरील देशांशी युरोपीय संघाने आखलेल्या राजकीय, व्यापारी व सुरक्षाविषयक संबंधांची चौकट. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, इस्रायल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया हे शेजारी तिच्या कक्षेत येतात. यांपैकी जॉर्डनला भूमध्य किनाराच नाही. तेव्हा शेजार कोणता हे इथे नकाशापेक्षा राजकारणाने ठरलेले दिसते. तुर्कस्तान संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार असल्याने त्याचे प्रकरण वेगळे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दोन खंडांतले अंतर जेमतेम १४ किमी. आहे. या पाण्यावरून काय येऊ द्यायचे आणि काय अडवायचे, हाच या धोरणाचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा उत्तर किनाऱ्यावरच ठरत आले आहे.

१९५७ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय स्थापणारा रोमचा करार झाला तेव्हा अल्जीरिया फ्रान्सचा भाग गणला जाई, म्हणून त्याचा करारात नावानिशी उल्लेख होता. १९६२ मध्ये तो स्वतंत्र झाला. पुढे युरोपीय समुदायाने, म्हणजे संघाच्या पूर्वरूपाने, १९७६ मध्ये मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशियाशी आणि १९७७ मध्ये इजिप्त, जॉर्डन, सीरिया व लेबनॉनशी सहकार्य करार केले. त्यांनुसार कारखान्यांतल्या मालाला युरोपची बाजारपेठ बरीचशी खुली झाली, पण शेतमालाला कोटा आणि हंगामाच्या अटी लागल्या. दक्षिणेकडे विकण्यासारखे होते ते मुख्यतः शेतातलेच. १९८६ मध्ये स्पेन व पोर्तुगाल सदस्य झाले आणि ऑलिव्ह तेल, संत्री, टोमॅटो पिकवणारे स्पर्धक शेतकरी कुंपणाच्या आत आले. १९८७ मध्ये मोरोक्कोने सदस्यत्वासाठी अर्ज केला. तो युरोपीय देश नाही, या कारणाने अर्ज फेटाळला गेला.

धोरणाला मोठे रूप आले ते नोव्हेंबर १९९५ च्या बार्सिलोना परिषदेत. शीतयुद्ध संपल्यावर संघाचे लक्ष आणि पैसा पूर्व युरोपकडे वळला होता. दक्षिणेचा विसर पडू नये, हा स्पेन, फ्रान्स व इटलीचा आग्रह होता. इस्रायली व पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या ओस्लो शांतता करारामुळे इस्रायल आणि अरब देश एका टेबलाशी बसू शकत होते. संघाचे तेव्हाचे १५ सदस्य आणि १२ भागीदार यांनी राजकीय-सुरक्षा, आर्थिक आणि सामाजिक-सांस्कृतिक अशा तीन अंगांनी सहकार्य करायचे ठरवले. २०१० पर्यंत मुक्त व्यापार क्षेत्र उभारण्याचे उद्दिष्टही जाहीर झाले. ‘मेडा’ या संघाच्या मदतनिधीतून २०००–०६ या काळासाठी सुमारे ५.३५ अब्ज युरो ठेवले गेले. मुक्त व्यापार क्षेत्र मात्र ठरल्या वर्षी आले नाही. ट्युनिशिया, मोरोक्को यांच्याशी स्वतंत्र करार झाले, पण दक्षिणेतल्या देशांचा आपापसांतला व्यापार तुटपुंजाच राहिला. अल्जीरिया-मोरोक्को सीमा १९९४ पासून बंद आहे. याचा दोष ब्रुसेल्सला, म्हणजे संघाला, देता येत नाही.

२००४ मध्ये आलेल्या ‘युरोपीय शेजार धोरणा’त पूर्वेकडचे युक्रेन, मोल्दोवा यांसारखे देशही सामावले. संस्थांमधली जागा सोडून बाकी सारे मिळेल, असे युरोपीय आयोगाचे (संघाच्या कार्यकारी मंडळाचे) तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी त्याआधीच म्हणाले होते. पुढे फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सारकोझी यांच्या पुढाकाराने १३ जुलै २००८ रोजी पॅरिसमध्ये ‘भूमध्यासाठी संघ’ स्थापन झाला. सारकोझी व इजिप्तचे होस्नी मुबारक हे त्याचे पहिले सहअध्यक्ष. वर्षअखेरीस गाझात युद्ध पेटले आणि बैठका अडकल्या. बार्सिलोनात त्याचे सचिवालय आहे. राजकारण बाजूला ठेवून पाणी, ऊर्जा, शिक्षण असे प्रकल्प ते हाताळते.

२०११ च्या अरब उठावांनी संघाची पंचाईत केली. लोकशाहीची भाषा बोलत तो ज्यांच्याशी व्यवहार करत होता, ते राज्यकर्ते एकामागून एक कोसळले. मग ‘जास्त सुधारणा, जास्त मदत’ असे सूत्र पुढे आले. ते फार टिकले नाही, कारण लवकरच सगळे लक्ष समुद्रातून येणाऱ्या माणसांकडे गेले. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ बोट बुडून ३६० हून अधिक जण मेले. इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ ही बचाव मोहीम काढली. ती वर्षभरात गुंडाळली गेली.

त्यानंतरच्या करारांत पैशाच्या बदल्यात पहारा हे कलम ठळक आहे. जुलै २०२३ मध्ये ट्युनिशियाशी झालेल्या समझोत्यात स्थलांतर रोखण्यासाठी १०.५ कोटी युरो होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्युनिशियाचे अध्यक्ष कैस सईद यांनी आलेले ६ कोटी युरो ‘भीक नको’ अशा सुरात परत पाठवले. मार्च २०२४ मध्ये इजिप्तला ७.४ अब्ज युरोंचे पॅकेज जाहीर झाले; त्यातले ५ अब्ज सवलतीचे कर्ज होते. मानवाधिकार संघटनांनी दोन्ही करारांवर कडक टीका केली. अल्जीरियाचा नैसर्गिक वायू मात्र १९८३ पासून ट्युनिशियामार्गे नळाने इटलीत पोहोचतो, विनाव्हिसा.

टोमॅटोचा तंटाही मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाच्या न्यायालयाने, मोरोक्कोच्या ताब्यातल्या पण वादग्रस्त पश्चिम सहाराच्या जनतेची संमती घेतली नाही म्हणून मोरोक्कोशी झालेले व्यापार व मासेमारीचे करार अवैध ठरवले. त्या प्रदेशातल्या टोमॅटो आणि खरबुजांच्या लेबलवर मूळ ठिकाण म्हणून मोरोक्को नव्हे, पश्चिम सहारा असेच लिहावे, असेही सांगितले. वर्षभराने दोन्ही बाजूंनी व्यापार करार दुरुस्त करून घेतला.