नस दबलीये म्हणतात, पण ती दिसली कधी?

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते, माणूस उठून हात झटकतो, जरा बरं वाटतं, परत आडवा होतो. आपल्याकडे डॉक्टर म्हणतात "मनगटात नस दबलीये". ही नस म्हणजे रक्तवाहिनी नाही, तर मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू, तो मनगटातल्या कार्पल टनेल नावाच्या अरुंद बोगद्यातून तळहातात जातो. पण ती नेमकी तिथेच दबते हे ठरायलाच शंभरेक वर्षं गेली.

१८५४ मध्ये लंडनच्या जेम्स पॅजेटनी मनगट मोडल्यानंतर दबलेल्या नसेबद्दल लिहून ठेवलं, १८८० मध्ये बॉस्टनच्या पुटनमनी रात्री हात बधिर होणारे ३७ पेशंट मांडले, पण ह्या दोन गोष्टी एकच आहेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे बरीच वर्षं मानेजवळच्या जास्तीच्या बरगडीवर खापर फुटत राहिलं.

मला ह्यात सगळ्यात भारी वाटते ती १९१३ ची पॅरिसमधली गोष्ट. पिएर मारी आणि शार्ल फ्वा ह्या दोघांनी ऐंशी वर्षांच्या एका माणसाचं शवविच्छेदन केलं. त्याच्या दोन्ही हातांचा अंगठ्याखालचा मांसल भाग पार सुकला होता. मनगट उघडल्यावर दिसलं की आडव्या लिगामेंटच्या (म्हणजे बोगद्यावरच्या छतासारख्या चिवट पट्ट्याच्या) अलीकडे नस गाठीसारखी फुगलीये आणि लिगामेंटखाली एकदम बारीक झालीये. वेळेत कळलं तर लिगामेंट कापून बघायला हवं असंही त्यांनी लिहिलं. आज ऑपरेशनमध्ये तेच करतात, पण तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही, १९४७ मध्ये इंग्लंडच्या रसेल ब्रेननी आणि मग क्लीव्हलँडच्या जॉर्ज फेलननी लावून धरल्यावर कुठे हे ऑपरेशन नेहमीचं झालं.

पण नस खरंच दबलीये का हे बघायला जिवंत माणसाचं मनगट उघडून कसं बघणार? म्हणून मधली बरीच दशकं विजेच्या तपासणीवर गेली. १९५६ मध्ये सिम्प्सननी दाखवलं की ह्या पेशंटमध्ये सिग्नल मनगट ओलांडायला जास्त वेळ घेतो. तीच आपली एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतल्या सिग्नलचा वेग), लोकांच्या भाषेत "शॉकवाली टेस्ट". आईची केली तेव्हा प्रत्येक झटक्याला ती "अगं बाई" करत होती आणि टेक्निशियन म्हणत होता "झालं काकू, एकच राहिला", असे त्याचे एकच बरेच झाले. टेस्ट चांगलीच आहे, पण नस किती मंद चाललीये ते सांगते, नस दिसते कशी ते नाही, आणि लक्षणं अगदी टिपिकल असूनही रिपोर्ट नॉर्मल येणारे पेशंट असतातच.

सोनोग्राफी तर ग्लासगोच्या इयान डोनाल्डनी १९५८ मध्येच पोटासाठी दाखवली होती, पण पोटाचा प्रोब (अंगावर फिरवतात तो दांडा) तीन ते पाच मेगाहर्ट्झचा, त्यात मनगटातली नस काय दिसणार. जास्त मेगाहर्ट्झचे, बारीक बघणारे प्रोब आल्यावर १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या बुखबर्गर आणि त्यांच्या टीमनी मनगटावर प्रोब ठेवून बघितलं, तर नस बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली, पुढे चपटी आणि वरचं लिगामेंट बाहेर आलेलं. म्हणजे मारी-फ्वांना मेलेल्या माणसात दिसलं ते इथे जिवंत माणसात, चाकू न लावता.

आता स्क्रीनवर नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते, आजूबाजूला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोरे. प्रोब थोडा कलता केला की टेंडन काळे पडतात आणि नस जवळजवळ तशीच राहते, त्यावरून ती ओळखायची. मग तिच्या कडेच्या आतून रेघ फिरवून क्षेत्रफळ काढायचं, साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की संशय. हा आकडा लॅबनुसार थोडा खालीवर होतो, म्हणून २००८ पासून काही जण मनगटातलं माप भागिले कोपराखालच्या हातातलं माप असं बघतात, १.४ च्या वर म्हणजे गडबड. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोमस्क्युलर डॉक्टरांच्या संघटनेनंही गाइडलाइन काढून हे माप विश्वासाचं मानलं. शिवाय दुभंगलेली नस, जास्तीची धमनी किंवा गाठ असेल तर तीही दिसते, शॉकमध्ये ती कुठून कळणार.

आपल्याकडे मात्र सोनोग्राफीचं मशीन म्हटलं की वेगळाच इतिहास मागे येतो. गर्भलिंग चाचणीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्येच कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, त्यामुळे मशीनची नोंदणी, जागा, सगळं कडक, आणि ते गरजेचंही होतं. पण म्हणून न्यूरोलॉजिस्टनी खिशातून छोटा प्रोब काढला आणि तिथल्या तिथे मनगट बघितलं असं सहज होत नाही, पेशंट रेडिओलॉजिस्टकडे जातो आणि "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ह्या पाटीखाली, गरोदर बायकांच्या रांगेत, मनगट धरून बसतो.