ड्रम ब्रेक, मोटारगाडीचे मागील

मागील चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतल्या कडेवर दोन अर्धवर्तुळाकार शू दाबून घर्षणाने गाडी थांबवणारी योजना. ‘गतिरोधक’ ही संज्ञा आता रस्त्यावरील उंचवट्यासाठी रूढ झाल्याने येथे ‘ब्रेक’ हाच शब्द ठेवला आहे.

या रचनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. जर्मन मोटारनिर्माते गॉटलीप डाइमलर यांनी 1899 च्या सुमारास ड्रमभोवती तार गुंडाळून गाडी थांबवण्याची कल्पना मांडली, असे सांगितले जाते. पहिल्या ड्रम ब्रेकचा मान काही अभ्यासक जर्मन अभियंता व्हिल्हेल्म मायबाख यांच्या 1900–01 मधील गाडीला देतात. पुष्कळ संदर्भग्रंथांत तो फ्रेंच मोटारनिर्माते लुई रनो यांच्याकडे, 1902 मध्ये, जातो. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. ड्रमवर बाहेरून पट्टा आवळणे आणि आतून शू फाकवणे या मुळात दोन वेगळ्या कल्पना आहेत. बाहेरच्या पट्ट्यावर धूळ आणि पाणी सहज येई, शिवाय चढावर गाडी मागे घसरू लागली की तो सैल पडे. आजच्या बंदिस्त रचनेपुरते बोलायचे तर रनो यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे एकस्व (पेटंट) अमेरिकी संशोधक माल्कम लॉकहीड यांनी 1917 मध्ये घेतले. चारही चाकांना असे ब्रेक 1921 च्या अमेरिकी ड्युसेनबर्ग गाडीत आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक असत ते मागेच.

भारतात प्रीमियर पद्मिनी आणि जुनी अँबॅसडर यांच्या चारही चाकांना ड्रम होते. मारुती 800 च्या पुढील चाकांना नंतर डिस्क (चकतीचे ब्रेक) आल्या, पण मागे ड्रमच राहिले. ब्रेक लागताना भार पुढे सरकतो, त्यामुळे मागे कमी ताकद पुरते. शिवाय हॅण्डब्रेकची केबल ड्रममध्ये सहज जोडता येते.

गाडी पुढे जात असताना फिरता ड्रम एका शूला ओढून स्वतःवर अधिक दाबतो आणि दुसऱ्याला ढकलतो. म्हणून पहिल्याचा लायनर (शूवरचे घर्षणाचे अस्तर) लवकर झिजतो. झिजलेला एकच लायनर किंवा एकाच चाकाचे लायनर बदलणे चुकीचे. दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत.

दोष शोधताना पहिला प्रश्न एकच चाक की दोन्ही, हा असावा. अखंड आसाच्या (मागील दोन्ही चाके एकाच सलग आसावर असलेल्या) जुन्या गाड्यांत बहुधा एकच रबरी नळी मागील दोन्ही चाकांना ऑइल पुरवते. ती आतून फुगली की ऑइल दाबाने पुढे जाते, पण परत येत नाही आणि दोन्ही चाके आवळलेली राहतात. एकच चाक तापत असेल तर व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू फाकवणारा चाकातील भाग), शू मागे ओढणारी परतीची स्प्रिंग किंवा गंजलेली हॅण्डब्रेक केबल पाहावी. पुढील चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावून, हॅण्डब्रेक सोडून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे चाक उचलावे आणि आवळलेल्या स्थितीतच ब्लीडर निप्पल (व्हील सिलिंडरमधील हवा-ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) किंचित सैल करावा. चाक मोकळे झाले तर दाब अडकला होता. दोष नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागात). तरीही घट्टच राहिले तर दोष यांत्रिक आहे. सुटे भाग घेण्याआधी ही परीक्षा करावीच. तिच्यावाचून चांगले सिलिंडर फुकट बदलले जातात.

ड्रम उघडल्यावर लायनर ओला आढळला तर ओल कसली हे ओळखणे महत्त्वाचे. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते; ओल तशी मिसळली तर गळती व्हील सिलिंडरच्या रबराची. दाट, उग्र वासाचे आणि पाण्यात न मिसळणारे असेल तर ते आसाच्या ऑइल सीलमधून आलेले गिअर ऑइल. भिजलेला लायनर धुऊन वापरू नये.

पेडल स्पंजासारखे लागणे हे लाइनमध्ये हवा असल्याचे लक्षण आहे. दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत गेले तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. दोनतीनदा मारल्यावर वर येत असेल तर बहुधा शू आणि ड्रममधील अंतर वाढलेले असते. लयीत थरथरणारे पेडल ड्रम वाकडा झाल्याचे सुचवते. लेथवर तो ठरावीक कमाल व्यासापर्यंतच कातता येतो.

जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. ड्रममधील भुकटी हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यात हॅण्डब्रेक ओढून बरेच दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीचे लायनर गंजाने ड्रमला चिकटतात. तेथे सपाटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ओट लावणे बरे.