ग्राफिक डिझाइनची पदवी घ्यायचीय? बीएफए उपयोजित कलेचा प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

बारावीनंतर ग्राफिक डिझाइन शिकायचं, पण रीतसर विद्यापीठाची पदवी हवी, असं ठरवलेल्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रातला मुख्य रस्ता म्हणजे बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) उपयोजित कला, म्हणजेच अप्लाइड आर्ट. चार वर्षांची पदवी. अक्षररचना, बोधचिन्ह, जाहिरात, वेष्टनाचं डिझाइन, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी हे सगळं या पदवीत येतं. चित्रकला, शिल्पकला, टेक्स्टाइल, इंटिरिअर, सिरॅमिक या बीएफएच्या इतर शाखा. अर्ज भरताना नुसतं 'बीएफए' बघून पुढे जाऊ नका, शाखेचा पर्याय नीट निवडा.

या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, दरवर्षी एमएएच-एएसी-सीईटी ही परीक्षा घेतो. बोलताना सगळे तिला 'आर्टची सीईटी' म्हणतात. परीक्षा चित्रांची असल्यामुळे घरातलं सगळं लक्ष चित्रांच्या सरावाकडे जातं आणि दाखले मागे पडतात. हात उत्तम असलेल्या मुलांच्या राखीव जागा निव्वळ एका कागदापायी जाताना मी पाहिल्या आहेत, आणि ते फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख चित्रांपेक्षा कागदांवर जास्त आहे.

पात्रता

बारावी उत्तीर्ण हवं, इंग्रजी विषयासह. शाखा कुठलीही चालते. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना ४० टक्के गुण लागतात. बारावीच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी निकालाआधीच सीईटीचा अर्ज भरू शकतात. प्रवेशाच्या वेळी मात्र गुणपत्रिका लागतेच.

कॉम्प्युटर येतो का, सॉफ्टवेअर येतं का, हे या प्रवेशात कुणीही विचारत नाही. तरी अकरावी-बारावीतच हजारो रुपये भरून फोटोशॉप-इलस्ट्रेटरचे क्लास लावणारे पालक भेटतात. तोच पैसा आणि वेळ कागद, पेन्सिल आणि पोस्टर कलरवर घालवा असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर पुढे चार वर्षांत शिकता येतं. बघून काढण्याची सवय आधी लागलेली बरी.

परीक्षेत काय असतं

तीन प्रात्यक्षिक पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र. प्रत्येकी दीड तास, प्रत्येकी ५० गुण. याशिवाय वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सामान्यज्ञानाचा पेपर असतो. त्यात कला आणि डिझाइनच्या मूलभूत संकल्पना, रंगांचे नियम, चित्रकार-शिल्पकार, बोधचिन्हं, चालू घडामोडी असं सगळं येतं. गुणांची विभागणी आणि प्रश्नसंख्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या, क्लासच्या जुन्या पत्रकावरून नको.

दीड तास कमी पडतो, ही मुलांची नेहमीची तक्रार. स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप, जत्रा असे विषय येतात आणि माणसं हालचाल करताना दाखवावी लागतात. घरी बसून फोटोवरून काढलेली माणसं तिथे उपयोगी पडत नाहीत. एसटी स्टँडवर एक तास बसा आणि सामान उचलणारे, वाकलेले, डोक्यावर बोचकं घेतलेले लोक भराभर रेखाटा. त्या एका तासाची सर तयार नमुन्यांच्या पुस्तकाला येत नाही. संकल्पचित्रात वेळ जातो तो रंग भरण्यात. आकारांची संख्या कमी ठेवा, पण कडा स्वच्छ ठेवा.

शाळेत शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दिली असेल तर ते मूळ प्रमाणपत्र शोधून ठेवा. दहावीला इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला ७, बी ला ५ आणि सी ला ३ वाढीव गुण मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असतं, आणि ते गुण मिळाले की प्रमाणपत्र कुठल्यातरी फाइलीत गडप होतं. कला शाखेच्या प्रवेशाला निघालेल्या मुलाने ते फाइलीत पहिल्या पानावर ठेवावं.

दोन वेगळे अर्ज

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पहिला अर्ज सीईटीला बसण्याचा. तो ऑनलाइन भरायचा, फोटो आणि सही अपलोड करायची, शुल्क भरायचं, मग हॉल तिकीट येतं. परीक्षा झाली, गुण आले, की काम संपलं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, वेगळी नोंदणी सुरू होते. ती केली नाही तर सीईटीत कितीही गुण असले तरी गुणवत्ता यादीत नाव येत नाही.

कॅपमध्ये क्रम साधारण असा: नोंदणी, कागदपत्रं अपलोड करणं, त्यांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, कॉलेजांचे पर्याय भरणं, जागावाटप, जागा स्वीकारणं, आणि कॉलेजात हजर होऊन प्रवेश निश्चित करणं. तात्पुरती यादी लागली की स्वतःच्या नावापुढचा प्रवर्ग, गुण, जन्मतारीख, लिंग असं एकेक तपासा. चूक दुरुस्त करायला तेच दोन-तीन दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर कुणी ऐकून घेत नाही.

पर्याय भरताना मनाचा क्रम तोच यादीचा क्रम ठेवा. 'हे मिळणारच नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका. वरचा पर्याय नाही मिळाला तरी खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क त्याने कमी होत नाही.

मुंबईच्या सर जे. जे. बद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे जे. जे. उपयोजित कला संस्था उभी राहिली. २०२३ मध्ये जे. जे. च्या संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे जे. जे. चं नाव डोळ्यांसमोर असेल तर सीईटी सेलच्या सूचनांसोबत त्या विद्यापीठाची स्वतःची प्रवेश सूचनाही रोज पाहा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय कला महाविद्यालयांत शुल्क कमी असतं. खासगी संस्थांमध्ये मुंबईत रहेजा, रचना संसद, पुण्यात भारती विद्यापीठ, अभिनव ही नावं जुनी आणि माहितीतली.

कागदपत्रं

सगळ्यांना लागणारी: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सीईटीचं गुणपत्रक, आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो. डोमिसाइल आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतं. जून-जुलैमध्ये सेतूत रांगा लागतात, तेव्हा हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकावं.

नावाकडे बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर, एकीकडे वडिलांचं नाव 'राव' लावून, दुसरीकडे 'राव' न लावता, असे फरक पोर्टलवर आणि पुढे शिष्यवृत्तीत त्रास देतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी. याशिवाय विमुक्त जाती, भटक्या जमाती, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागतं. अनुसूचित जाती आणि जमातींना नॉन क्रीमीलेअर लागत नाही. नॉन क्रीमीलेअरवर मुदत छापलेली असते. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाचा ३१ मार्च त्या मुदतीत येतो ना, हे तारीख वाचून खात्री करा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं, प्रमाणपत्रही त्या वर्षाचं लागतं. दिव्यांग विद्यार्थ्यांना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

आता व्हॅलिडिटी. सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. अनेक ज्युनिअर कॉलेजांत विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावीतच हा अर्ज भरायला सांगतात, कला आणि वाणिज्यच्या मुलांना कुणी सांगतच नाही. उपयोजित कलेला जाणारी बरीच मुलं याच दोन शाखांतली. म्हणून कुणी सांगायची वाट न बघता स्वतः कॉलेजच्या ऑफिसात जा, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्या आणि ऑनलाइन अर्ज भरून जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे कागद द्या. अनुसूचित जमातींसाठी पडताळणी समिती वेगळी असते.

समितीला पुरावा लागतो तो जुना. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेत आजोबांच्या नावाचा प्रवेश-निर्गम उतारा मिळतो का बघा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, शोधायला सांगा. तिथे जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. जुनी नोंद मोडी लिपीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि त्यातली नावं उताऱ्यातल्या नावांशी जुळली पाहिजेत. वडील, सख्खे काका किंवा चुलत भाऊ यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती जोडा. काम पुष्कळ हलकं होतं.

व्हॅलिडिटी हातात नसेल तर अर्जाची पावती चालते का आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचं, हे त्या वर्षीच्या सूचनेवर ठरतं. दिलेल्या मुदतीत ते दिलं नाही तर राखीव जागेवरचा दावा जातो आणि अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो.

एनआयडी आणि आयआयटीचा अर्ज भरणार असाल तर

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) ला ग्राफिक डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. तिथली परीक्षा पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा अशा दोन टप्प्यांत होते, आणि वयाची अट आहे. आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन विभागासह काही आयआयटींच्या बी.डेस. साठी यूसीड ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. यूसीड जास्तीत जास्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते. दोन्हीकडचे अर्ज पावसाळा संपता संपता सुरू होतात, म्हणजे बारावीच्या पहिल्या सहामाहीतच. यूसीडचा निकाल लागल्यावर जागावाटपासाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो.

इथे महाराष्ट्रातल्या मुलांची हमखास अडचण होते. या केंद्रीय संस्था आहेत. राज्याच्या नमुन्यातलं नॉन क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि ते चालू आर्थिक वर्षातलं लागतं. तहसीलमध्ये अर्ज करतानाच 'सेंट्रलसाठी' असं सांगा. भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघावं, असल्यास तिथे ओबीसी म्हणून अर्ज होतो. एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्यापुरता आहे. त्यामुळे मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांनी केंद्रीय संस्थांत खुल्या प्रवर्गातून, आणि निकषात बसत असल्यास ईडब्ल्यूएसमधून अर्ज करावा.

गोव्यातल्या वाचकांसाठी: पणजीत आल्तिनो इथल्या गोवा कला महाविद्यालयात बीएफए उपयोजित कला आहे. ते गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे आणि तिथे महाराष्ट्राची सीईटी नसून त्यांची स्वतःची अभिक्षमता चाचणी होते.

कॉलेज खरं आहे ना, हे बघा

पॉश जाहिरात आणि 'डिग्री' हा शब्द बघून पैसे भरू नका. कॉलेज कॅपच्या यादीत आहे का, कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, गुणपत्रिका कुणाची मिळणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. काही ठिकाणी खासगी प्रमाणपत्राचा कोर्स असतो आणि पदवी दूरशिक्षणातून कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठाची दिली जाते. कुणाला तसंच शिकायचं असेल तर जरूर शिकावं, पण फी भरण्याआधी ते कळलेलं असावं.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असणाऱ्यांसाठी ती महत्त्वाची, आणि प्रवेश कॅपमधून झालेला असणं ही तिची अट. कॉलेज स्तरावर थेट जागा घेण्याआधी याचा विचार करा. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कसवलत वाढवली आहे. आपलं कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का, हे फी भरण्याआधी ऑफिसात विचारा. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावावरचं, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. वडिलांच्या खात्यात हे पैसे येत नाहीत.

कॉलेजात हजर व्हायच्या आदल्या दिवशी सगळी कागदपत्रं रंगीत स्कॅन करून ठेवा आणि साक्षांकित प्रतींचे किमान तीन संच काढा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, आणि तो परत मिळवायचा तर प्रवेश रद्द करावा लागतो. मूळ कागद जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती मागून घ्या.